बटण दाबायचं राहिलं

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे खरं घडलं आहे. मला हे ताईनं, माझ्या मावसबहिणीनं, स्वतः सांगितलं. आणि ताई म्हणजे भुताखेतांचा विषय निघाला की जांभया देणारी बाई.

मंगळवार होता. दिवेलागणीची वेळ. मावशीच्या घराखालचं गॅरेज.

त्या गॅरेजमध्ये काकांची, म्हणजे ताईच्या वडिलांची, जुनी गाडी उभी असायची. हायब्रिड, म्हणजे थोडी बॅटरीवर, थोडी पेट्रोलवर चालणारी. बॅटरीवर असली की इतकी गुपचूप, की चालू आहे का बंद, तेच कळायचं नाही.

तिथेच काकांचा घात झाला.

गेल्या थंडीत एका संध्याकाळी ते घरी आले. गाडी आत घेतली, शटर ओढलं. आवाज नाही, म्हणजे गाडी बंद, असं धरून चालले. बटण दाबायचं राहिलं. मग नेहमीसारखं कानातलं मशीन काढून तिथेच कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत बसले. डोळा लागला. बॅटरी उतरली, तसं इंजिन आपोआप सुरू झालं... आणि धूर आत कोंडत गेला. मावशी जेवायला बोलवायला खाली गेली, तेव्हा सगळं संपलं होतं.

काकांच्या मागोमाग गाडीनंही मान टाकली. ताईला ती डोळ्यांसमोर नको होती, विकून मोकळं व्हायचं होतं. मावशीचा एकच हेका, दुरुस्त करा. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्याला सगळे ‘सर्जन’ म्हणतात, कारण उघडल्याशिवाय तो एकही गाडी सोडत नाही. त्यानं सांगितलं, मोठी बॅटरी गेली आहे, तिच्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. नीट तपासायला म्हणून ती बॅटरी काढून तो घेऊन गेला. तोवर ठेवायची की विकायची, ते ठरवा म्हणाला.

मावशीची खोली गॅरेजच्या बरोबर वर होती.

त्या मंगळवारी मावशी डोकं दुखतंय म्हणून पडली होती. तिच्या सोबतीला आलेली ताई स्वयंपाकघरात होती.

पायाखालची फरशी थरथरली... अगदी बारीक.

ताईला वाटलं, फ्रिज असेल. तिनं फ्रिज बंद केला.

थरथर चालूच होती.

मग वास आला... पेट्रोलच्या धुराचा.

ताई धावत खाली गेली. शटरचं कुलूप जसंच्या तसं होतं. तिनं ते उघडलं. धुराचा लोट अंगावर आला. सर्जननं ठेवलं होतं तसंच सगळं होतं. मागच्या सीटखाली बॅटरीची जागा रिकामी. वायरींच्या टोकांना चिकटपट्टी.

आणि इंजिन चालू होतं.

ताईनं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. समोरचा एकही दिवा लागलेला नव्हता. जी गाडी चालू नाहीच, ती बंद कशी करणार?

मग इंजिन आपणहून थांबलं. सगळं शांत झालं.

कोपऱ्यातली खुर्ची करकरली... कुणी उठल्यावर करकरते तशी.

ताई मागे न बघता वर पळाली. मावशीला उठवून गच्चीवर आणेपर्यंत तिला घाम फुटला. धुरानं मावशीचे गाल लालबुंद झाले होते. पण ती घाबरलेली नव्हती.

“तुझे बाबा रोज येतात गं,” ती म्हणाली. “आज इंजिन ऐकलं असावं त्यांनी. बंद करायला बघतात. पण मोडकी गाडी बंद तरी कशी व्हायची? दुरुस्त करून दे. एकदा बटण दाबू दे त्यांना.”

“आई, पुरे झालं,” ताई म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तिनं गाडी भंगारवाल्याला देऊन टाकली. मावशीला विचारलंसुद्धा नाही. कुठल्या मुलीनं वेगळं काही केलं असतं? वर घराला कुलूप लावून तिनं मावशीला आपल्याकडे नेलं. ताईचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली किराणा दुकान, गाड्या लावायला जागाच नाही.

थोडे दिवस बरे गेले. ताईला वाटलं, सुटलो.

मग एका संध्याकाळी फरशी थरथरली... अगदी बारीक.

ताईनं गॅस पाहिला. खाली जाऊन दुकानामागे पाहून आली. कुठे काही नाही. वर आली, तर मावशीच्या खोलीत तोच वास. मावशी कपाळ धरून बसली होती.

“आलेत,” ती म्हणाली. “पण आता बंद काय करतील?”

ताई सकाळी उठून भंगारवाल्याकडे गेली. हवी तेवढी खटपट करीन, पण गाडी परत द्या, दुरुस्त करायची आहे, म्हणाली. त्यानं दाबून चपटे केलेल्या पत्र्यांच्या ढिगाकडे हात केला. यातली तुमची कुठली, हे आता मलाही सांगता यायचं नाही, म्हणाला.

मी परवा त्यांच्याकडे जाऊन आले. सगळ्या खिडक्या सताड उघड्या. मावशी शाल गुंडाळून पलंगावर बसलेली, गाल लाल. दिवे लागायची वेळ झाली, तशी ताई मला दाराबाहेर घेऊन आली.

“मी आता काय दुरुस्त करू?” तिनं विचारलं. “आईला कुठे नेऊ?”

तेवढ्यात चपलेतून माझ्या तळव्यांना काहीतरी जाणवलं... आणि मी तिचा हात घट्ट धरला.