पुढच्या फळीवरचं पोतं

नावाडीण अशी वागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. एकवीस उन्हाळे आम्ही चौघी मैत्रिणी होडीनं दुधी कड्यापर्यंत गेलो आणि त्याच्या पायथ्याशी दर साली एक रेघ कोरून आलो. यंदा हिवाळ्यात तिचा उजवा हात लुळा पडला, कबूल. पण ‘मी येत नाही’ हे सांगायला सुनेला पाठवायचं? मी गेले तर दारसुद्धा उघडलं नाही!

“तिच्यावाचून काही अडत नाही,” मी म्हटलं. बाविसावी रेघ मी कोरणारच होते.

ती बसायची पुढच्या फळीवर, वाऱ्यावर डोळा ठेवून. तिथे वजन नसलं की होडीचं तोंड वर उचलतं, म्हणून तिच्या जागी वाळूचं पोतं ठेवलं. मास्तरीण आणि शिंपीण वल्ह्यांवर, सुकाणू माझ्या हातात. डावीकडे सरोवराचे उंच कडे, त्यांच्या भेगांतून निघून पाण्यावर ओणवी झालेली झाडं, आणि पाणी असं नितळ की तळाचे गोटे दिसावेत. दर वर्षी इथे हसून हसून पोट दुखायचं. यंदा वल्ह्यांचा तेवढा आवाज.

“बघ गं, बगळे किती आलेत,” मी म्हणाले. म्हणाले ते पोत्याला. दोघींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुपारी दुधी कडा दिसला.

“पलीकडचं पाणी काळं पडलंय,” शिंपीण म्हणाली.

“तुला सुईचं नेढं दिसत नाही, आणि पलीकडचं पाणी दिसतं होय?”

नावाडीण असती तर एकच शब्द बोलली असती, “माघारी.” त्या शब्दावर मीसुद्धा कधी वाद घातला नाही. पोतं काय बोलणार!

वारा सुटला. एकदम! होडीचं तोंड उचललं. पोतं घसरत माझ्या पायाशी आलं, डाव्या कडेला अडकलं. होडी कलली. पाणी आत!

“टाक ते!” मास्तरीण किंचाळली. “अगं, टाक!”

हात उचलेनात. नुसती वाळू होती, तरी उचलेनात. दुसरी लाट आली. डोळे मिटले आणि दिलं ढकलून!

होडी सावरली. कडा हाकेच्या अंतरावर होता. रेघांची जागासुद्धा दिसत होती. दोघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“माघारी,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं.

जवळच्या लव्हाळ्यात होडी घुसवली आणि वारा पडेपर्यंत तिघी भिजलेल्या कोंबड्यांसारख्या बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच नावाडणीच्या दारात जाऊन उभी राहिले. कडी वाजवतच राहिले. शेवटी तिनं दार उघडलं, डाव्या हातानं.

“रेघ राहिली. तुझ्यामुळे!” मी म्हणाले. “हात गेलाय, जीभ तर नाही ना गेली? तुला वल्हं मारायला कधी कुणी सांगितलं होतं? पुढच्या उन्हाळ्यात येऊन आपल्या जागेवर बसायचं आणि ‘माघारी’ म्हणायचं. मला तो शब्द नीट म्हणता येत नाही.”