दुखरी बैठक

जिन्याचा कठडा धरून धाकटी उभी होती. पायरीवर टेकायच्या नुसत्या विचारानं अंगावर काटा येत होता, आणि चालायचं म्हटलं तर... नकोच ते! सायकलिंगच्या क्लासचा दुसराच दिवस. जागच्या जागी फिरणाऱ्या त्या सायकलची सीट म्हणजे निव्वळ दगड होता.

"बसवत नाहीये ना?" मागून कुणीतरी विचारलं.

ती दचकून वळली. शेजारच्या सायकलवरचा तो उंच माणूस. केस घामानं कपाळाला चिकटलेले, डोळे मिस्कील.

"तुम्हाला काय करायचंय?" ती ठसक्यात म्हणाली.

"काही नाही. मी गणित शिकवतो. हा सायकलचा क्लास सुरू केला तेव्हा आठवडाभर सगळे तास उभ्यानं घेतले. मुलांना वाटलं, मास्तरांना शिकवण्याचा झटका आलाय."

धाकटी खुदकन हसली. आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. ताई तिकडे दवाखान्यात हळदीसारखी पिवळी होऊन पडली होती, आणि ही इथं हसतेय?

दुसऱ्या दिवशी मास्तरनं तिला सायकलशेजारी उभं केलं. "सीट कमरेच्या हाडाइतकी उंच हवी. आणि मागे सरकून बसा, भार हाडांवर येऊ दे. चाक इतकं हलकं ठेवू नका, नुसत्या आदळता सीटवर. मधूनमधून पेडलवर उभ्या राहा. आणि... म्हणजे..." त्याचे कान लाल झाले. तो छताकडे बघत घाईघाईनं म्हणाला, "पॅडवाली शॉर्ट मिळते. तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. शिवण घासते. घामाचे कपडे लगेच बदलायचे... झालं!"

"हे पण वर्गात शिकवता?"

"छे हो! तिथं मी त्रिकोणावर थांबतो."

हळूहळू बसणं सुसह्य झालं. दाताच्या दवाखान्यातली रिसेप्शनची नोकरी आटोपून ती धावतपळत क्लासला यायची. शेजारची सायकल तिच्यासाठी टॉवेल टाकून अडवलेली असायची.

"एवढी घाई कसली तुम्हाला?" एकदा त्यानं विचारलं. "लग्नबिग्न ठरलंय की काय?" विचारणं सहज होतं, पण उत्तराची वाट बघताना त्याचे पाय थांबले होते.

"ताईला यकृताचा तुकडा द्यायचाय," ती म्हणाली. "माझं जुळतंय. पण त्यात चरबी आहे. ती उतरली तरच डॉक्टर घेणार."

त्याचे पाय पुन्हा पेडलवर फिरू लागले. क्लास संपल्यावर तो तिच्यासोबत ताईच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत चालत आला. मग रोजच येऊ लागला.

धाकटीला आणखी घाई झाली. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा ती क्लासला जाऊ लागली. आतली कातडी सोलवटली, तरी दातओठ खाऊन पेडल मारत राहिली. एका संध्याकाळी ती उतरली आणि मास्तरची नजर तिच्या सीटवर गेली. रक्ताचा पुसटसा डाग होता.

"जखम भरेपर्यंत बंद," तो म्हणाला.

"नाही! माझ्याकडे वेळ नाहीये."

"वेडी आहेस का तू?" तो ओरडलाच. "गळू धरलं, ताप आला, तर कुठला डॉक्टर हात लावेल तुला?"

पहिल्यांदाच 'तू'. धाकटीनं रुमाल घेऊन सीट पुसली.

जखम भरत आली तशी ती दोघं संध्याकाळी नुसतीच चालायची. दुकानांचे दिवे लागलेले, ओल्या रस्त्यावर त्यांची लांबडी प्रतिबिंबं... रस्ता ओलांडताना त्यानं तिचा हात धरला आणि पलीकडे गेल्यावर सोडायला विसरला. तिनंही आठवण करून दिली नाही.

पुढे ती पुन्हा सायकलवर बसली. तपासणी चांगली आली, ऑपरेशनची तारीख ठरली.

त्या तारखेआधीच, एका दुपारी, ताई गेली.

मास्तर भेटायला आला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. धाकटी उठून दारात गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्ही थांबवलं नसतंत तर तारीख आधी मिळाली असती. माझे ते दिवस घेतलेत तुम्ही!"

तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग चपला घालून निघून गेला.

"डॉक्टर म्हणाले, फरक पडला नसता," दाजी नंतर म्हणाले. डॉक्टर असंच म्हणतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. आई तिच्या पाठीवरून हात फिरवायची, "किती केलंस गं तू!" शेजारणी तेच म्हणायच्या. धाकटी मान डोलवायची. आतून मात्र दगड झाली होती. दाताच्या दवाखान्यात पेशंटना या-बसा करायची, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची.

शेवटी एका संध्याकाळी ती त्याच्या शिकवणीच्या खोलीत गेली. मुलं निघून गेली होती. तो फळा पुसत होता. चांगलाच वाळला होता.

"मी रोज ते दिवस वजा करून बघतो," तिची चाहूल ओळखून तो न वळताच म्हणाला. "उत्तर येत नाही."

"येणारही नाही." ती दारातच उभी राहिली. "घरी सगळे नुसती शाबासकी देतात. जीव गुदमरतो माझा. तुमच्यावर ओरडले ना... तेवढंच एकदा मला रडू आलं."

"मग ओरड आणखी."

"रोज?"

"रोज. मी कुठे जाणार नाहीये."

ती दोन पावलं पुढे झाली आणि तिनं त्याच्या छातीवर कपाळ टेकलं. त्याचे हात खडूनं माखलेले. क्षणभर ते तसेच हवेत राहिले... मग त्यानं ते तिच्या पाठीवर ठेवले. ती हमसून हमसून रडली.

"आवडतोस तू मला," हुंदक्यांतून ती म्हणाली. "आणि त्याचाही राग येतो."

"चालेल," तो म्हणाला.