वाटीभर विरजण

शनिवारचा शेवटचा तास संपला, की सगळं कॉलेज हात फिरवायला निघे. पुस्तकांच्या पाठींवरून, कपाटातल्या फायलींवरून, नाट्यमंडळाच्या पडद्यांवरून मुलं तळवे फिरवत जात. आठ दिवसांत ज्याला माणसाचा हात लागला नाही, तो कचरा, असा तिथला नियम होता. आणि तो अमलात आणणारे डोळ्यांना दिसत नव्हते.

ते जंतू डॉ. निमकरांनी प्रयोगशाळेत वाढवले होते. आपण वस्तू हाताळतो तेव्हा बोटांचं तेल आणि घाम तिच्यावर राहतो. त्याला निमकर मॅडम ‘स्पर्शखूण’ म्हणत. खूण ताजी असेपर्यंत जंतू वस्तूच्या वाटेला जात नाहीत. आठ दिवसांनी ती शिळी झाली, की कागद असो, सुती कापड असो, पालापाचोळा असो, तासाभरात त्याचं काळं, भुसभुशीत खत होतं. आवाराभोवती चुन्याचा पट्टा आखला होता. तो ओलांडणं त्यांना जमत नसे.

खतघर सांभाळणाऱ्या शेवंताबाई त्या जंतूंच्या पाण्याला विरजण म्हणत.

“मॅडम,” त्या आज खोरं बाजूला ठेवून म्हणाल्या, “विरजण कुणाला दिलं तर चालतं का हो?”

निमकरांनी वर पाहिलं. “कुणाला दिलंत?”

“आमच्या शेजारच्या कलाअक्काला. परसात सालींचा ढीग साचलाय म्हणाली. वाटीभरच दिलं.”

“बाहेर न्यायचं नाही, असं सांगितलं होतं ना?”

“दारात आलेल्याला विरजण नाही म्हणतात का कुणी?”

“कधी दिलं?”

“मागल्या शनिवारी.”

निमकरांचा आवाज एकदम खाली आला. “त्या घरात अशी कुठली वस्तू आहे, जिला कुणीच हात लावत नाही?”

शेवंताबाई दाराकडे वळल्या. “मुक्ताची पेटी.”

स्कूटरवर मागे बसून त्यांनी सगळं सांगितलं. मुक्ता ही अक्काची एकुलती एक लेक. तीन वर्षांपूर्वी तापानं गेली, नऊ वर्षांची. तिचा फ्रॉक, तिच्या वह्या अक्कानं पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. रोज झाकण उघडायची, वास घ्यायची, झाकण लावायची. आत बोट म्हणून लावायची नाही.

“मुक्तानं हात लावलेलं तसंच राहू दे म्हणते.”

“त्या खुणा जंतूंच्या लेखी कधीच शिळ्या झाल्या. परसातून घरभर पसरायला त्यांना आठवडा लागतो, एवढीच आशा,” निमकर म्हणाल्या आणि त्यांनी वेग वाढवला.

कलाअक्का दारातच होती. “शेवंते, तुझं विरजण झकास हं! ढीग पार बसला.”

“अक्का, हात न लागलेलं सगळं ते खातं! आधी पेटी उघड!”

झाकण उघडलं. वरच्या वहीचा कोपरा काळा पडून झडला होता. फ्रॉकची एक बाही त्यांच्या डोळ्यांदेखत चुरा होऊन खाली बसली.

“हात लावा!” निमकर ओरडल्या. “तळवा टेकला तरी पुरे!”

“आणि मुक्ताचा हात?” अक्का म्हणाली.

“तुमच्या हाताखाली पुसला जाईल. पण वस्तू राहील.”

“कॉलेजाभोवती आखता तो चुना टाका की तुमचा!”

“चुना फक्त नव्यांना अडवतो. हे बसलेत आधीच.”

दुसऱ्या बाहीला काळी किनार चढू लागली. शेवंताबाई पुढे वाकल्या, तशी अक्कानं त्यांचं मनगट पकडलं.

“तुझा नको.” मग तिनं निमकरांकडे पाहिलं. “बाई, त्या जंतूंना काय वाटलं? मी टाकून दिलं हे?”

निमकरांना खोटं बोलवेना. “हात लागला नाही, एवढंच त्यांना कळतं.”

“रोज वास घेत होते मी.”

“ते कळत नाही त्यांना.”

अक्कानं शेवंताबाईंचं मनगट सोडलं. दोन्ही तळवे फ्रॉकवर टेकवले, छातीवर, गळ्यावर, उरलेल्या बाहीवर जोरानं घासले. काळी किनार थांबली. तिनं फ्रॉक उचलून नाकाशी धरला.

“ह्याला माझाच वास येतोय,” ती म्हणाली.

मग तिनं वहीकडे हात नेला.