भिंतीकडे तोंड केलेले मासे

"हिंमत असेल तर टाक्यांवरच्या चिठ्ठ्या बदलून दाखव," आतेभाऊ म्हणाला, आणि भिंगरीनं दाखवल्या. दोन मिनिटांचं काम. तेवढ्यासाठी डोक्याला कशाला त्रास द्यायचा!

आत्याची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबोडकी खोली, ओल्या काचेचा वास आणि मधोमध दोन टाक्या. एकीत स्वच्छ पाणी, दुसरीत कारखान्यातून सोडलेलं. दोन्हींत बोटाएवढे वीस-वीस मासे. तीस वर्षं आत्या एकच काम करत आली होती. माशाचे कल्ले मिनिटाला किती वेळा उघडझाप करतात ते मोजायचं. पाण्यात विष असलं की मासा धापा टाकतो.

मागच्या फळीवर अकरा बरण्या होत्या. प्रत्येकीत एक जुना, पांढरा पडलेला मासा, तोंड भिंतीकडे.

"यांना शिक्षा केलीयेस का गं?" भिंगरीनं एकदा विचारलं होतं.

आत्या हसली नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी भिंगरी गंमत बघायला गेली. आत्या खुर्चीत बसली होती, हातात मोजायचं बटण, कल्ल्याच्या दर उघडझापीला एकदा दाबायचं. टिक, टिक, टिक. टेबलावर कारखान्याचा कागद.

"ये, बस." आत्याचा आवाज पार बसला होता. "कारखान्याच्या पाण्यातले ठणठणीत आहेत गं. आणि स्वच्छ पाण्यातले धापा टाकतायत. तीनदा मोजलं. मग तीस वर्षं मी काय मोजत होते?"

भिंगरीची नजर चिठ्ठ्यांकडे गेली. "मग... आता?"

"आता सही. पाण्यात धोका नाही म्हणून. उद्यापासून हे पाणी खालच्या गावाच्या नळाला जाईल."

सांगून टाकावं असं भिंगरीला वाटलं. पण तोंड उघडेल तर शपथ. शेवटचं एकदा मोजायला आत्यानं हवेची नळी बंद केली. बुडबुडे थांबले. खोली एकदम गप्प झाली.

आणि मासे वळले.

एकेक करून नाही. दोन्ही टाक्यांतले चाळीसच्या चाळीस, एकाच वेळी, भिंगरीकडे.

ती हळूच दाराकडे सरकली. चाळीस तोंडं तिच्याबरोबर सरकली.

"आत्या... हे असं का करतायत?"

"वाहत्या पाण्यात मासा प्रवाहाकडे तोंड करतो. ओढ येते त्या बाजूला. पण हे पाणी तर..." आत्यानं उचललेलं पेन तसंच हवेत राहिलं. ती भिंगरीकडे बघू लागली. "तुझ्याकडून काय येतंय, भिंगरे?"

"मी बदलल्या!" भिंगरी रडायलाच लागली. "चिठ्ठ्या... मासे सोडले त्याच दिवशी. दादा म्हणाला, हिंमत असेल तर... मला मार, काय वाट्टेल ते कर, पण सही नको करूस!"

आत्यानं हात उचलला नाही. कागद मधोमध फाडला, उठली, चिठ्ठ्या जागच्या जागी लावल्या. भिंगरीनं बाहीनं नाक पुसलं. सुटलो एकदाचे! आता मासे पांगतील.

पांगले नाहीत. वळले.

सगळे आत्याकडे.

आत्या जागची हलली नाही. हलून उपयोग नाही हे तिला ठाऊक असावं.

"आत्या... मागे... त्या बरण्यांतले... हलतायत..."

"माहितेय." मागे वळून न बघताच ती म्हणाली. "माझ्या पहिल्या कामातले मासे आहेत ते. विसांतले अकरा मेले. नोकरी नवी होती, साहेब म्हणाले, जरा सांभाळून लिहा. मी लिहिलं, एकही मेला नाही." ती माशांकडे बघतच बोलत राहिली. "ते पाणी एका गावानं सहा वर्षं प्यायलं. चुकून नाही लिहिलं ते... मी जाणूनबुजून लिहिलं."

टाक्यांतले मासे पांगले. जसे साधे मासे असतात, तसे.

भिंगरीनं धीर करून पुन्हा फळीकडे पाहिलं. अकराही झाकणांवरचं मेण जसंच्या तसं होतं, कुठं चीरसुद्धा नाही. आतले मासे मात्र आता भिंतीकडे नव्हे, खोलीकडे बघत होते.

आणि टेबलावर एकटंच पडलेलं बटण, कुणाचाही हात नसताना, मोजत होतं.

टिक... टिक... टिक.