सारवलेल्या खळ्यावरचं हेलिकॉप्टर

उभं हेलिकॉप्टर आडवं कसं होतं? वारा नाही, वादळ नाही, कुणी ढकललंही नाही. तरी भिवाकाकांच्या खळ्यावर ते म्हशीसारखं कुशीवर लोळलं होतं. आतून त्याचा यंत्रमानव वैमानिक, नाव ‘जपून’, धडपडत बाहेर आला.

“क्षमस्व. मी फार जपून उतरलो!”

“दिसतंय की!” भिवाकाका कडाडले. “आत्ताच खळं सारवलं होतं!”

आवाज ऐकून धावत आलेल्या छोट्या ओवीला हसू आवरेना. पण तिच्यासोबत आलेली तिची सुनेत्राआत्या रडवेली झाली होती. जपूनला तिनेच घडवलं होतं आणि आज त्याचं पहिलंच उड्डाण! इंजिनाचा धोक्याचा दिवा लुकलुकला म्हणून तो खबरदारी घेऊन खाली आला, तिथवर ठीक. पण तो का पडला हे कळलं नाही, तर कंपनी त्याला भंगारात काढणार होती.

“मेल्या, इथंच कसा उतरलास?” आत्याने विचारलं.

“गुळगुळीत जागा, भोवती पांढरं वर्तुळ. म्हणजे हेलिपॅड.”

“अरे देवा! ती खळ्याच्या पूजेची रांगोळी!”

“उजवी स्किड (हेलिकॉप्टरचा पाय) ओल्या शेणमातीत रुतली. मी कलू लागलो. म्हणून वर जायला रोटरचा (डोक्यावरच्या पंख्याचा) जोर वाढवला. तरी पडलो! का?”

बघायला ओवी पुढे धावली आणि तिचाही उजवा पाय रुतला. “आत्या, ओढ!” आत्याने डाव्या दंडाला धरून वर खेचलं. डावा पाय सुटला, उजवा हलेना, आणि ओवी उजव्या कुशीवर धप्प!

“अगदी असंच झालं माझं!” जपून ओरडला.

आत्याचे डोळे चमकले. “अरे, रुतलेला पाय म्हणजे दाराची बिजागरी! दार ओढलं तर ते निघून येत नाही, बिजागरीभोवती फिरतं. पंखा वर ओढत राहिला, एक पाय अडकलेला, म्हणून हेलिकॉप्टर उडण्याऐवजी फिरलं आणि कलंडलं. आता सांग, पुन्हा रुतलास तर?”

जपूनने ओवीच्या रुतलेल्या पायाकडे पाहिलं.

“जोर वाढवणार नाही. हळूच कमी करीन. वजन खाली येईल, डावा पायही टेकेल. मग गप बसून राहीन.”

“शाब्बास रे माझ्या वाघा!” आत्याने त्याला मिठीच मारली आणि तिथूनच कंपनीला सगळं कळवलं.

थोड्याच वेळात उत्तर आलं: ‘जपूनला मोडू नका. बाकीच्या वैमानिकांनाही हे शिकायला त्याच्याकडे पाठवतो.’

भिवाकाकांनी कपाळावर हात मारला. “म्हणजे आता सगळे माझ्याच खळ्यावर उतरणार होय?”