गारांच्या दुपारी माणिककाका

देऊळघाट

वंदना झाली, भन्तेजी भोजनदान घेऊन गेले, पाहुणे पांगले. मांडवात घरचीच माणसं उरली. माणिककाकांना जाऊन वर्ष झालं होतं; त्यांचं पहिलं पुण्यानुमोदन होतं आणि सगळे पोटभर जेवले होते.

काका मंडप डेकोरेशनचं काम करायचे. आसपासच्या गावांतली निम्मी लग्नं त्यांच्या कापडाखाली लागली. जाण्याआधी त्यांनी एक नियम घालून दिला होता: "माह्या मांगं जो रडन, त्याले खीर देऊ नका. हसवन त्याले दोन वाट्या."

म्हणून आम्ही गोल बसलो. प्रत्येकानं काकांची एक गोष्ट सांगायची.

मला गोष्ट सांगायची नव्हती. मला साक्षीदार हवा होता. लहानपणी काकांनी माझा जीव वाचवला, आणि ते घरात कुणीच मानत नाही. माझे वडील तर आजही म्हणतात, "अर्पिता, घाबरली होतीस तू. काही बाही दिसलं तुला." खुद्द काकांना विचारलं की ते म्हणायचे, "खाय व, भजे थंडे होऊन राह्यले."

आज कुणीतरी म्हणावं की हो, ते काकाच होते. एवढंच.

चिखली

पहिला नंबर संघपालचा. माझा चुलतभाऊ, आता चिखलीत मोबाईलचं दुकान चालवतो.

"दहावीच्या सराव परीक्षेत नापास झाल्यावर मी घरून पळालो होतो, ठाऊक हाय ना? चिखलीच्या स्टँडवर बसलो. म्हणलं जे गाडी येईन तिच्यात बसायचं. तेवढ्यात गारा! लिंबायेवढ्या! पत्र्यावर असा आवाज की बाजूचा माणूस बोलून राह्यला तं नुस्तं तोंड हालताना दिसे. अन् पाहतो तं शेजारी माणिककाका. रसवंतीवाल्याकडून दोन गिलास घेतले, खालच्या गारा उचलून धुतल्या, रसात टाकल्या. म्हणे, 'पी बे, आज बरफ फुकट हाय!'"

सगळे हसले.

"रागावले नाहीत?" मी विचारलं.

"कायले? म्हणे, नापास झाला तं झाला, मंडपाचे बांबू धरायले पास लागत नाही. अन् गारा थांबल्या तशे उठले. म्हणे, 'चाल, मी निंगतो. घरी काकू वाट पाहून राह्यली.'"

संघपालला दोन वाट्या खीर मिळाली. खाता खाता तो म्हणाला, "एक गोष्ट मात्र तवाच मनात आली होती. पत्र्याखाली बी मी पुरा ओला. काका कोरडे ठक्क."

वरवट बकाल

"गारा म्हणलं की मले आठवलं!" महामाया आत्या गुडघ्यावर हात मारत म्हणाली. काकांची ही धाकटी बहीण, घाटाखाली वरवट बकालला दिलेली. "आमच्याकडे गारा पडल्या तवा घरात मी एकटी. बकऱ्या बाहीर, मी दारात, अन् गारा अशा की पाय बाहीर टाकता येईना. रडू लागले मी. तं समोरून दादा! डोक्यावर परात धरून. परातीवर गारा वाजे, टण टण टण, अन् हा तालावर नाचत नाचत बकऱ्या हाकून राह्यला! एक बकरी त्याच्या लेंग्याचा नाडाच चावू लागली."

काकांची नक्कल करताना आत्याचा पदर खांद्यावरून घसरला. हसून हसून वडिलांना ठसका लागला.

"च्या ठेवते म्हणलं तं थांबला नाही. म्हणे, 'घरी वहिनी वाट पाहून राह्यली तुही.'"

मी हसत होते. मग थांबले.

"आत्या, कोणत्या गारा?"

"संघ्या पळाला त्या साली लय पडल्या होत्या ना व. घाटावर, घाटाखाली, एकाच दुपारी. मंग तशा कधी पडल्या?"

बुलढाणा

माझी गोष्ट मी सांगितली ती अशी.

आम्ही तेव्हा बुलढाण्यात राहायचो. त्याच दुपारी मी शाळेतून सायकलवर येत होते. गारा सुरू झाल्या म्हणून रस्त्याकडेच्या निंबाखाली थांबले. सायकल बुंध्याला टेकवली आणि दप्तर डोक्यावर घेऊन तिथेच बसले. निंबाचा पाला तुटून खाली पडत होता, त्याचा कडू वास सुटला होता. कुणीतरी मागून मला उचललं. तोंड शर्टात दाबलं गेलं. मंडपाच्या घडी घातलेल्या कापडाचा वास, ऊन खाल्लेला. गाल भाजेल इतका शर्ट गरम आणि कोरडा. मग पांढरा उजेड आणि आवाज. वळून पाहिलं तर निंब उभा फाटलेला, आणि सायकल त्याच्याखाली चपटी.

काकांनी मला कोपऱ्यावर सोडलं. म्हणाले, घरी काकू वाट पाहते.

या गोष्टीला खीर कुणी वाढली नाही.

अंतरं

मी शाळेत भूगोल शिकवते. चिखली आणि बुलढाणा घाटावर. वरवट बकाल घाट उतरून, खामगावच्याही पुढे. एका माणसाला एका दुपारी तिन्हीकडे जायचं तर जीपनंसुद्धा दिवस मोडतो. आणि गारा किती वेळ पडतात?

"तू खोटं बोलून राह्यला बे, संघ्या," आत्या म्हणाली.

"मी? तूच नाचोलं काकाले परात देऊन!"

"मह्या बकऱ्या इचार!"

"बकऱ्या कवाच खाल्ल्या तुम्ही!"

पुन्हा हशा. वडील मात्र माझ्याकडे बघत होते.

आम्ही सगळे काकूंकडे वळलो.

पुन्हा देऊळघाट

सिंधूकाकू खिरीचं पातेलं मांडीशी घेऊन खरवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कोनीच खोटं नाही बोलून राह्यलं," त्या म्हणाल्या. "पन त्या दिवशी हे घरीच होते. बांबूवरून पडले होते ना. पाय मोडला होता, मांडीपावतर प्लास्टर. कोनाले सांगू नको म्हणे, मंडपवाला मंडपावरून पडला, लोक हसतीन. गारा पडून राह्यल्या, अन् हे पलंगावर डोळे मिटून हसून राह्यले."

"म्हणजे आमच्याकडे ते आलेच नाहीत," मी म्हणाले.

"आले ना व. तुमच्याकडूनच तं आले. गारा थांबल्यावर एकेक करून आले. मी चार ताटं वाढले."

संघपाल हसला. मग हसायचा थांबला.

"चार?"

"तिघं बाहीरचे, एक पलंगावरचा. सगळ्याइले भूक लागली होती. एकमेकाइकडे पाहून हसू लागले. मले बी हसू आलं. एकानं बकरीची गोष्ट सांगतली. एक म्हणे, पोट्टी वाचली."

पोट्टी वाचली.

मला हवं होतं ते वाक्य हेच होतं. वडिलांनी माझा हात धरला.

"अन् मंग?" आत्यानं विचारलं.

"मंग काय, झोपले. सकाळी एकच होता. च्या मांगतला."

"कोणता?"

हे मी विचारलं.

काकूंनी पळीला चिकटलेली खीर बोटानं पुसून खाल्ली.

"थे मी कधी इचारलं नाही. चांगला होता. इतके वर्स जीव लावला. तुह्या लग्नाचा मंडप त्यानंच टाकला ना?"

"हो."

"मंग?" त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. "च्या पेला अन् चूळ भरायले चालत आंगनात गेला. पायाले प्लास्टर नव्हतं."