खिडकीचा गोड रंग

उन्हं कलती झाली तेव्हा नर्सबाई शिवणकामवालीच्या दारात पोचल्या. काम नेहमीचंच होतं. तिच्या साडेतीन वर्षांच्या छकुलीचं रक्त पुन्हा तपासायचं. मागच्या वेळी त्यात शिसं सापडलं होतं, आणि ते येत होतं आतल्या खोलीतल्या खिडकीच्या जुन्या हिरव्या रंगातून. त्याचे पोपडे गोड लागतात, म्हणून पोरं चाखतात.

"खिडकीला पुठ्ठा ठोकलात ना?"

"त्याच दिवशी. वर कपाटही सरकवलं, बाई." आईने शिवणयंत्र थांबवलं. "तरी हिच्या तोंडात रंग सापडतोच."

छकुली आईला बिलगून बसली होती. वर्षापूर्वी तिची बडबड गल्लीभर ऐकू यायची. मग एकेक शब्द गळत गेला. आता फक्त 'आई' उरला होता.

"बोलायची तेव्हा सांगायची," आई हळूच म्हणाली, "खिडकीतली ताई भरवते म्हणून... मी हसण्यावारी नेलं."

नर्सबाईंनी सुई टोचली, बाटली भरली, नाव लिहिलं आणि ती बर्फाच्या डब्यात ठेवली. पोर रडलीसुद्धा नाही. आईने तिला उचलून घेतलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. खर्र... खर्र... लाकडावर दात घासावेत तसा.

"उंदीर?"

आईने नुसतीच मान हलवली. नाही.

नर्सबाई आत गेल्या. आवाज थांबला. खोलीत ओल्या लोखंडाचा वास कोंडला होता. त्यांनी जोर लावून कपाट ओढलं, पुठ्ठा उचकटला. चौकट खालपर्यंत कुरतडलेली. बारीक, दुधाच्या दातांच्या खुणा, आणि आतलं लाकूड ताजं पांढरं.

त्या वळल्या. दारात आई उभी होती, कडेवर छकुली. पोरीच्या ओठांवर हिरवा भुगा.

"माझ्याजवळून हललीसुद्धा नाही हो..." आईने तिला घट्ट धरलं.

"आजच्या आज हे घर सोडा."

"सोडते. भावाकडे जाते. पण... ही पुन्हा बोलेल ना?"

नर्सबाईंनी आजवर कितीतरी आयांना धीर दिला होता. या वेळी खरं तेच सांगितलं.

"पुढचं नुकसान थांबेल. गेलेलं..."

आईने मुलीचे ओठ पदराने पुसले. पुसतच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतून फोन आला.

"बाई, त्या मुलीच्या नावाच्या दोन बाटल्या का पाठवल्यात?"

"एकच घेतली मी."

"दोन आहेत. दोन्हींवर अक्षर तुमचंच." पलीकडचा माणूस घुटमळला. "एक बर्फात गार पडलीय. दुसरी... अजून कोमट आहे."